जिवंत सवतीचा टाक

"आई, थोरल्या आईला खायला काय आवडायचं गं?"

केळीच्या पानावर वाढता वाढता केसरचा हात थबकला... भाद्रपदातली अविधवा नवमी होती. श्रीवर्धनच्या त्या नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरात कोकिळेच्या नावानं सवाष्ण जेवायला बसली होती. विचारणारा दादा, केसरचा सावत्र मुलगा. कोकिळा म्हणजे त्याची जन्मदाती आई. अठरा वर्षांपूर्वी हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेत तिला लाटेनं ओढून नेलं, असं सगळं गाव जाणत होतं. अहेवपणी गेलेल्या बाईचं हे पान नवरा असेतो वाढायचं आणि तो गेला की बंद करायचं, अशी रीत. गुरुजींनी तसं दोनदा सांगितलंही होतं. पण दादा ऐकेल तर ना! चार वर्षांचा असताना ज्याची आई समुद्रानं नेली, त्या बावीस वर्षांच्या मुलाजवळ आईचं म्हणून दुसरं उरलं तरी काय होतं? वर्षातून एक पान!

"अळवातल्या आठळ्या," केसर बोलून गेली. "फणसाच्या आठळ्या आधी सगळ्या वेचून खायच्या, आणि मग भाताला हात लावायचा."

पाटावर बसलेल्या आवडाबाईंनी घास हातात धरूनच वर पाहिलं. शेजारच्या वाडीतल्या या साठीच्या सवाष्णीच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. "अगो खरंच की! अश्शीच खायची कोकिळा. पण तुला गो कसं ठाऊक? ती गेली आणि वर्षानं तू या घरात आलीस."

"ह्यांनीच... दादाच्या अण्णांनी सांगितलं होतं."

"बघितलंत, आवडाकाकू?" दादा म्हणाला. "जिला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, तिची आवडसुद्धा माझ्या आईनं जपून ठेवली आहे!"

"तुझी सावत्र आई म्हणजे देवमाणूस रे," आवडाबाई घास चावत म्हणाल्या. "लोकांच्या सवती जित्या सवतीला धड बघत नाहीत, आणि ही मेलेलीची खाणी आठवते. तिकडे मुंबईपलीकडे वेड्यांच्या इस्पितळात परक्यांची सेवा करते, ती करते. वर सुट्टी काढून, आगबोटीनं हेलकावे खात हिचं पान वाढायला येते! अशी सवत मिळायला पुण्याई लागते."

त्या स्तुतीचा एकेक शब्द केसरच्या अंगावर चटक्यासारखा उठला. धरणीमाय दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर किती बरं होईल, असं तिला झालं! कारण त्या आठळ्या तिनं कोणाच्या तोंडून ऐकल्याच नव्हत्या. गेल्या गुरुवारी इस्पितळात, पितळीतल्या अळवातून एकेक आठळी वेचून खाताना तिनं कोकिळेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

कोकिळा मेलेली नव्हती.

आणि हे केसरला आज कळत होतं, असंही नाही...

केसर या घरात आली ती चौदाव्या वर्षी, दुसरेपणावर. अशा मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात. मेलेल्या पहिलीचा मुखवटा उठवलेला चांदीचा इवलासा पत्रा तो! रोज त्याला हळदकुंकू वाहायचं, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, म्हणजे म्हणे मेलेलीचा कोप होत नाही. पोरवयाची केसर त्या टाकाला भ्याली, मग त्याच्याशी बोलू लागली, आणि पुढे पुढे तर दादाचा ताप उतरला तरी आधी टाकाला सांगू लागली. तिला स्वतःला मूल झालं नाही. दादाच तिचं सर्वस्व होता.

नऊ वर्षांनी तिचे यजमान, वाडीचे मालक अण्णा, शेवटच्या दुखण्यात पडले. एका दुपारी तिनं त्यांच्या कपाळावर ओली घडी ठेवली, तेव्हा तिच्या गळ्यातला टाक पुढे लोंबला. तो दिसताच अण्णांनी मान फिरवली.

"तो काढ, केसर... जित्या बाईचा टाक घालू नये."

मग अडखळत, धापा टाकत त्यांनी सगळं सांगितलं. दुसऱ्या बाळंतपणात कोकिळेची मुलगी गेली आणि तिच्या डोक्यात वात शिरला. सोललेला नारळ अंगड्यात गुंडाळून ती त्याला अंगाई म्हणे. तोच नारळ घेऊन एकदा भर बाजारात गेली. लोक हसले! आणि अण्णांना ते हसणं सोसवलं नाही. देवदर्शनाच्या निमित्तानं तिला बाहेर काढलं, हबसाणाची, म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाच्या मुलखाची, हद्द ओलांडून दूरच्या इस्पितळात नेऊन घातलं, वहीत नाव सांगितलं गोदू आणि गाव सांगितलं पाली. परत येऊन गावाला लाटेची गोष्ट सांगितली. प्रदक्षिणेच्या त्या खडकांवर अशी लाट येते, हे सगळ्यांनाच ठाऊक; कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

"दादाला सांगू नकोस. शपथ आहे तुला," म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी गेले.

शपथ! केवढं सोयीचं पांघरूण ते! केसरनं पुढची सगळी वर्षं ते अंगावर ओढून घेतलं. पण आतल्या आत तिला पक्कं ठाऊक होतं की शपथ हे खरं कारण नव्हेच. दादा तिला 'आई' म्हणत होता. खरी आई घरी आली, तर ती हाक कोणाची? एवढ्याशा भीतीपायी तिनं ओठ शिवून घेतले, आणि टाक न काढता चोळीआड लपवला.

आणि ओठ शिवले तरी मन काही गप्प बसेना. मग तिनं आपल्या मते प्रायश्चित्त शोधलं. दादाला शिकायला मामाकडे ठेवून ती स्वतः विधवाश्रमात शिकली, आणि धडपड करून त्याच इस्पितळात नोकरीला लागली. ज्या माणसाला घरी आणायचं, त्याला घरी न आणता त्याचीच सेवा करायची! असला उफराटा त्याग दुसऱ्या कोणाला सुचला नसता.

तिथे सगळे तिला 'घरभेटीच्या बाई' म्हणत. तिथल्या डॉक्टरसाहेबांचा विचार काळाच्या पुढचा होता. ते म्हणत, "औषधानं माणूस अर्धा बरा होतो, उरलेला अर्धा घरी गेल्यावर." पण घरच कुठे सापडे? नातलग खोटी नावं देत, खोटी गावं देत, आणि मागे वळून बघत नसत. म्हणून केसर रोग्यांजवळ बसे. नाव-गाव विचारत नसे. विचारी, की बाई, तुमच्या विहिरीला रहाट होता की नुसता पोहरा? दारातून समुद्र ऐकू यायचा की घाट दिसायचा? भाताला कोकमाचं सार असायचं की ताक? अशा धाग्यांवरून ती गाव काढी, पत्र लिही, आणि पत्राला उत्तर नाही आलं की पिशवी खांद्याला लावून स्वतः जाई. लोकांच्या ओट्यावर बसे, तिथून उठवलं तर अंगणात बसे. कितीतरी माणसं तिनं घरी पोचवली होती... एक सोडून.

या नवमीच्या आधी, त्याच वर्षीच्या आषाढात, ती पालीजवळच्या एका खेड्यात अंबाजी नावाच्या शेतकऱ्याकडे गेली होती. त्याची बहीण सोनाबाई बरी होऊन वर्ष झालं होतं. अंबाजी भातलावणीचं आवण सोडून, चिखलाच्या पायांनी बांधावर आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"तुमची सख्खी बहीण ना ती?" केसरचा आवाज चढला. "रोज फाटकाकडे डोळे लावून बसते. लाज नाही वाटत तुम्हाला?"

"वाटतंय की," अंबाजी हळूच म्हणाला. "पन बाय, तुमच्या घरात येडं मानूस न्हाय, म्हनून तुमाला बोलाया सोपं हाय. आमाला गावात ऱ्हायाचं हाय."

केसर उठली आणि चालू लागली. वाटेत पावसानं ती चिंब भिजली, आणि आपल्याला रडू कशाचं येतंय ते तिला सांगता आलं नसतं.

नवमीचं पान वाढून ती परत कामावर आली, त्याच दिवशी डॉक्टरसाहेबांनी तिला बोलावलं. त्यांच्यासमोर गोदूचे कागद होते.

"केसरबाई, ही गोदू दोन वर्षं ठणठणीत आहे. शिवण शिकवते, नव्या बायकांची समजूत घालते. आपल्याकडे खाटा अपुऱ्या पडतात. ज्या बऱ्या झालेल्यांना घर नाही, त्यांना दिवाळीनंतर नागपुराकडच्या निराश्रितगृहात पाठवायचं ठरलं आहे. तिथून कोणी परत येत नाही. तुम्ही दगडालासुद्धा त्याचं गाव विचारून काढता. मग हिचंच घर कसं सापडत नाही? पालीला तर नुकत्याच जाऊन आलात."

"पालीला... असं कोणी नाही, साहेब," केसर म्हणाली. ते अक्षरशः खरं होतं, आणि म्हणूनच ते बोलताना तिची तिलाच किळस आली.

"बघा आणखी एकदा. माणूस चांगलं आहे हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोजच्याप्रमाणे, केसर बायकांच्या दालनात वेण्या घालायला गेली. कोकिळा खिडकीपाशी बसली होती. कानशिलावरचे केस पांढरे झालेले, हात शिवणात, चेहरा शांत. केसरनं तिची वेणी घातली. मग करंडा उघडला. हा रोजचा नेम होता: गोदू कपाळ पुढे करी आणि घरभेटीच्या बाई तिला कुंकू लावीत. आपलं कपाळ पांढरं. जो नवरा आठ वर्षांपूर्वी गेला तो दोघींचा. आणि त्याच्या नावाचं कुंकू आपण रोज आपल्या बोटानं हिच्या कपाळी रेखतो! सहा वर्षं, रोज सकाळी, केसरनं हे पाप केलं होतं आणि त्याला सेवा म्हटलं होतं.

कोकिळेनं कपाळ पुढे केलं. केसरचं बोट कुंकवात बुडालं, पण वर येईना...

"आज नाही लावायचं?" कोकिळेनं विचारलं.

"नाही हो लाववत! मी... मी कोण आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. मी पापीण आहे. मी तुमची..."

"धाकटी आहेस. ठाऊक आहे मला."

करंडा केसरच्या हातून निसटला. फरशीवर कुंकू सांडलं.

"तू इथे आलीस, त्याच्या चौथ्या दिवशीच कळलं," कोकिळा खाली बघत, सांडलेलं कुंकू पदरानं गोळा करत म्हणाली. "मला वात उठला होता. मी खिडकीच्या गजांवर चढले होते. सगळ्या 'गोदू, गोदू' ओरडत होत्या. तू धावत आलीस आणि ओरडलीस, 'कोकिळाबाई, सोडा तो गज!' बारा वर्षांत मला माझ्या नावानं कोणी हाक मारली नव्हती गो. ती हाक ऐकूनच मी खाली उतरले. मग वेणी घालताना एकदा तुझ्या चोळीतून टाक बाहेर आला. दुसरेपणावरची. आणि कपाळ तर तुझं उघडंच होतं... आणखी काय सांगायला हवं होतं? ते गेले, एवढं कळलं."

"आणि तरी रोज माझ्याकडून कुंकू लावून घेत होतात? का, अक्का, का?"

"तुझं बोट थरथरायचं. म्हटलं, हिला सांगवत नाहीये. सांगेल त्या दिवशी पुसू. त्यांच्यासाठी रडून घेतलं मी. न्हाणीघरात रडले. इथे चारचौघींत रडलं की औषध पाजतात."

केसरनं तिचे पाय धरले. "मग तुम्ही बोलला का नाहीत? एका शब्दानं मला विचारायचं होतंत! माझ्या तोंडावर थुंकायचं होतंत!"

कोकिळेनं गोळा केलेलं कुंकू करंड्यात भरलं.

"अगो, मी जे जे बोलले त्याला सगळ्यांनी वेडच म्हटलं. 'मी गोदू नाही' म्हटलं, वेड. 'मला मुलगा आहे' म्हटलं, वेड. उद्या 'ही बाई माझी सवत आहे' म्हटलं असतं, आणि तू नाही म्हणाली असतीस, तर? शहाणी तू होतीस. तू बोलल्याशिवाय माझं बोलणं खरं कसं व्हायचं?"

याहून तिनं शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर केसरनं ते आनंदानं सोसलं असतं! लोकांनी जिला देवमाणूस म्हटलं, तिच्या एका 'हो'साठी एक जीव सहा वर्षं मुकाट्यानं कपाळ पुढे करत बसला होता. केसर ओक्साबोक्शी रडली. दालनातल्या बायका भोवती जमल्या आणि त्यांच्यातली एक घाबरून म्हणाली, "बाई, गप व्हा, नाहीतर औषध पाजतील."

"दादा..." गर्दी पांगल्यावर कोकिळेनं विचारलं. "दादा केवढा झाला गो?"

त्याच दुपारी केसरनं पत्र लिहिलं. शेकडो वेळा लिहिलेला तोच मजकूर होता: 'आपल्या घरचे माणूस बरे झाले आहे. ते आपली वाट पाहते. तरी येऊन न्यावे.' खाली मात्र तिनं चार ओळी जास्त लिहिल्या. लाट आली नव्हती, हे लिहिलं. हे आपल्याला आठ वर्षांपासून ठाऊक आहे, हेही लिहिलं. 'तुझी आई' असं लिहायला हात धजला नाही. नुसतं 'केसर' लिहिलं.

उत्तर आलं नाही. दसरा झाला, कोजागिरी झाली, उत्तर नाही. तेव्हा केसर स्वतःच डॉक्टरसाहेबांपुढे उभी राहिली आणि घरी नेणाराच्या रकान्यात आपली सही करून, 'नाते' या शब्दापुढे तिनं लिहिलं, 'धाकटी सवत'. साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. तिनं राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला.

"हा नंतर बघू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, दयाही नव्हती. "आधी त्यांना घरी पोचवा. फार उशीर केलात, बाई."

आगबोट श्रीवर्धनपुढे उभी राहिली तेव्हा ऊन कलतं होतं. उतारू होडीत उतरले. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, तिथून पुढे होडी जात नसे; माणसं पाण्यात येत आणि बायाबापड्यांना उचलून वाळूवर नेत. सदा खलाशानं वल्हं थांबवलं. आणि केसरला दिसलं, गुडघाभर पाण्यात दादा उभा होता. म्हणजे पत्र पोचलं होतं... इस्पितळात न्यायला यायचं धैर्य त्याला झालं नसावं, पण प्रत्येक आगबोटीला तो असाच येऊन उभा राहत असावा.

त्यानं केसरकडे पाहिलं नाही. चेहरा नुसता दगड झाला होता. तो थेट कोकिळेपुढे आला, दोन्ही हात पुढे केले.

"केवढा जड होतास रे तू," कोकिळा म्हणाली. "कडेवर घेतलं की माझी कंबर मोडायची. आता मलाच उचलतोस?"

दादाचा दगड तिथेच फुटला! एखाद्या लेकरासारखं त्यानं तिला उराशी कवटाळलं आणि हुंदके देत देत पाण्यातून नेलं. केसर होडीत बसून बघत होती. सगळं रास्तच होतं. ज्या हाकेसाठी आपण एवढा अधर्म केला, ती जिची होती तिला पोचली. तिनं चोळीतला टाक चाचपला, डोळे पुसले.

"सदा, होडी फिरव. आगबोट अजून उभी आहे."

"बाय, तुमी उतरत न्हाय?" सदा गोंधळला.

"नाही. माझं काम झालं."

"दादा!" वाळूवरून कोकिळेचा खणखणीत आवाज आला. "अरे, धाकटीला विसरलास."

"विसरलो नाही," दादा पाठमोराच म्हणाला. "तिनं आठ वर्षं मला फसवलं. तू जिवंत असताना माझ्यासमोर तुझं पान वाढलं!"

"मग रागाव तिच्यावर. मीही रागावले आहे, चांगली रागावले आहे. पण घरी नेऊन रागवायचं. नको झालेलं माणूस पाण्यात सोडून आलं, असं या घरात एकदा झालं ते पुष्कळ झालं."

दादा तसाच उभा राहिला. मग सावकाश वळला, पाण्यात शिरला. केसरनं मान वर केली नाही. त्यानं तिला उचललं आणि वाळूकडे चालू लागला.

"आठ नवम्या तू समोर उभी होतीस," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी दरवेळी रडायचो. तुला माझी दया कशी नाही आली, आई?"

प्रश्नाच्या शेवटी जो शब्द होता, तो ऐकून केसरनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडली.

गुरुजींनी पोथी पाहिली आणि सांगितलं, ज्याचे दिवस झाले ते माणूस परत आलं, तर त्याचा नवा जन्म धरायचा आणि पुन्हा नाव ठेवायचं. म्हणून चाळिशीच्या कोकिळेचं बारसं झालं! गाव लोटलं, अर्धं मायेनं, अर्धं गंमत बघायला. रोह्याहून दादाला सांगून आलेली सोयरीक त्या आठवड्यात मोडली, तेही झालं. आवडाबाई दारात उभ्या राहून कोकिळेला पुन्हा पुन्हा चाचपून बघत होत्या. "मी हिच्या नावानं अठरा वर्षं जेवले गो," त्या म्हणाल्या, "आता ते अन्न मला पचायचं कसं?" मग केसरकडे त्यांनी एकदा पाहिलं. देवमाणूस पुन्हा कोणी म्हणालं नाही.

नाव ठेवायला आत्या हवी. घरात आत्या नव्हती. "धाकटी ठेवील," कोकिळा म्हणाली. केसरनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि 'कोकिळा' हे नाव उच्चारलं. अठरा वर्षं गोदू म्हणून जगलेल्या त्या बाईनं डोळे मिटून घेतले.

केसरनं गळ्यातला टाक काढून तिच्या हातावर ठेवला. कोकिळेनं तो उजेडात धरून निरखला. "ही मी? हे नाक तर सोनाराच्या बायकोचं दिसतंय!" ती हसली, आणि टाक परत केसरच्या मुठीत कोंबला. "ठेव तुझ्याजवळ. विसरायला झालं की बघत जा."

राजीनामा डॉक्टरसाहेबांनी घेतला नाही. केसर कामावर परत आली. पुन्हा तीच पत्रं, तीच गावं. फरक एवढाच, की आता प्रत्येक पत्राच्या शेवटी ती स्वतःच्या हातानं लिही: 'माझ्या घरचे माणूस याच इस्पितळात होते. ठाऊक असून मी त्यांना लोकलज्जेस्तव व स्वार्थापायी घरी नेले नाही. त्याची लाज मला जन्मभर पुरेल. आपण उशीर करू नये.' कारकुनानं विचारलं, हे सरकारी कागदावर शोभतं का? ती म्हणाली, शोभत नाही. पण राहू द्या.

माघात एका सकाळी फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. धोतर धुवट, डोक्याला नवं मुंडासं, हातात घामानं मऊ झालेलं पत्र. पालीकडचा अंबाजी होता.

"मास्तरकडनं वाचून घेतलं," तो म्हणाला. त्यानं शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. "ह्ये खरं हाय?"

केसरची मान खाली गेली. "खरं आहे."

अंबाजीनं पत्राची घडी घातली आणि मुंडाशात खोचली.

"मंग बोलवा माझ्या भैनीला," तो म्हणाला. "गाडी भायेर उभी हाय."